उष्ण, दमट हवेत कासवाचं घरातलं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे कासव म्हणजे जमिनीवर राहणारं कासव. पाण्यातल्या कासवांचा संसार वेगळा, त्यांच्यासाठी यातलं फारसं काही कामाचं नाही. हवा धरली आहे ती उष्ण कटिबंधातली: काही महिने भाजणारे, काही महिने ओलेगच्च, आणि म्हणावी अशी थंडी नाहीच.

हवा मुळातच उबदार आहे, मग घरात वेगळी जागा कशाला? घरभर फिरू द्यावं की.

घरभर फिरणारं कासव शेवटी फ्रिजमागे जाऊन बसतं. घरातली तेवढी एकच जागा अंधारी, अरुंद आणि उबदार असते, म्हणून. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय बाहेरच्या बाजूला फाकतात, नखांना पकड मिळत नाही. केस, दोरे, पिना तोंडात जातात. दाराआड बसलं असेल तर दार उघडणाऱ्याला ते दिसतही नाही.

माती असलेलं, सावली असलेलं, बंदिस्त अंगण मिळत असेल तर त्याच्यापुढे कुठलीच पेटी टिकत नाही. घरातली जागा लागते ती पिल्लांसाठी (कावळे, मांजरी, उंदीर), आजारी किंवा नव्याने आलेल्या कासवासाठी, झडीच्या दिवसांसाठी, आणि अर्थात ज्यांच्याकडे अंगणच नाही त्यांच्यासाठी.

व्हिडिओंमध्ये चारी बाजूंनी बंद पेटी दाखवतात. तशीच करावी का?

नाही. बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा.

त्या पेट्या थंड देशांतल्या असतात. तिथे खोली १८-२० अंशांवर असते आणि पेटीचं काम असतं ऊब आणि ओल कोंडून धरणं. आपल्या खोलीत उन्हाळ्यात दुपारी ३३-३४ अंश असतात. इथे पेटीचं काम उलटं: उष्णता बाहेर टाकणं आणि कासवाला एक गार कोपरा कायम देणं. म्हणजे आराखडा दिव्यापासून नाही, गार कोपऱ्यापासून सुरू करायचा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझी पहिली पेटी अगदी व्हिडिओबरहुकूम होती: पुढे सरकती काच, वर झाकण, मागे हवेसाठी दोन छोटी भोकं, दिवा टायमरवर. हिवाळाभर सगळं छान चाललं. एप्रिलमधल्या एका दुपारी तीनला घरी आलो तर कासव गार बाजूच्या भिंतीला नाक लावून, चारी पाय ताणून पडलेलं. तोंडाशी फेस, मान आणि पुढचे पाय लाळेने ओले. दिव्याखाली ४४ अंश होते, आणि ज्याला मी मोठ्या विश्वासाने गार बाजू म्हणत होतो तिथे ३९. कासवाला घाम येत नाही. जिवावर बेतलं की ते लाळेने स्वतःला भिजवतं, तो त्याचा शेवटचा उपाय. साध्या पाण्याच्या उथळ टबात ठेवलं (बर्फाचं पाणी वापरायचं नसतं, एकदम धक्का बसतो), पशुवैद्याकडे नेलं, वाचलं. दिवा लावायची सोय मी केली होती, गारवा आणायची केलीच नव्हती.

तेव्हा वरून उघडा, वाफ्यासारखा सपाट हौद करा. वर झाकण हवंच असेल, मांजर आहे म्हणून समजा, तर जाळीचं.

कोणत्या जातीला ही हवा मानवते?

दक्षिण अमेरिकेतलं लाल पायांचं कासव म्हणजे रेडफूट जंगलाच्या कडेला, दमट हवेत राहणारं. त्याला इथे फार खटपट लागत नाही. आफ्रिकेतलं सुल्काटा हे सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं. पिल्लू तळहातावर मावतं, पण जगातल्या सगळ्यात मोठ्या जमिनीवरच्या कासवांमध्ये त्याचा तिसरा क्रमांक, पूर्ण वाढलेला नर ७०-८० किलोच्या पुढे जाऊ शकतो. त्याच्यासाठी घरातली जागा म्हणजे फक्त बालवाडी. लेपर्ड कासवाला मोकळी, कोरडी जमीन आवडते. मध्य आशियातलं हॉर्सफील्ड आणि भूमध्य समुद्राकाठची हर्मन, ग्रीक कासवं मात्र थंड, कोरड्या रात्रींची आणि शीतनिद्रेची. दमट किनारपट्टीवर त्यांना आणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

आणि पेटीच्या आधी कायदा. जमिनीवरच्या कासवांच्या सगळ्याच जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात. स्टार कासवाला २०१९ मध्ये त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वात कडक परिशिष्टात टाकलं गेलं, आणि भारतात ते घरी पाळणं गुन्हा आहे. कागदपत्रं नसलेलं कासव कितीही गोड दिसलं तरी घेऊ नका.

जागा किती लागते?

लांबी कासवाच्या आठ-दहा पट, रुंदी चार-पाच पट, असा ढोबळ हिशोब. ३० सेंटिमीटरच्या रेडफूटला साधारण २.४ मीटर बाय १.२ मीटर. ऐकायला फार वाटतं, पण कासव हा चालणारा प्राणी आहे आणि त्याला उंची नको, जमीन हवी. शिवाय लहान पेटीत गरम टोक आणि गार टोक यांत फरक पडायला अंतरच उरत नाही. चार फुटांच्या खाली तो फरक मिळवणं उष्ण खोलीत जवळपास अशक्य.

भिंती ४०-४५ सेंटिमीटर. कासवं कोपऱ्यात दोन्ही भिंतींना पाय लावून चक्क चढतात, म्हणून चारी कोपऱ्यांवर आतल्या बाजूला एकेक त्रिकोणी फळी ठोका. चढताना पाठीवर पडलेलं कासव दिव्याखाली उलटं राहिलं तर तासाभरात संपू शकतं. म्हणून दिव्याच्या टोकाला चढता येईल असं काहीच ठेवू नका, दगडसुद्धा सपाट.

माशांचा जुना काचेचा टँक पडून आहे, तो वापरू का?

महिनाभराच्या तात्पुरत्या सोयीला हरकत नाही, कायमसाठी नको. हवा खाली कोंडते, आणि खिडकीतून ऊन आलं की टँकची भट्टी होते. दुसरं म्हणजे कासवाला काच कळत नाही. पलीकडे जागा दिसते, मग ते दिवसभर त्याच काचेला नाक घासत खडखडत राहतं. काच असेलच तर खालची वीतभर पट्टी बाहेरून कागद लावून झाका. दुसऱ्या दिवशी खडखड थांबते.

पेटी कशाची करावी?

साधा प्लाय पहिल्याच पावसाळ्यात कडेने फुगतो. मरीन प्लाय घ्या, किंवा पीव्हीसी फोम बोर्ड. फोम बोर्ड हलका, पाणी न पिणारा, वाळवी न लागणारा. त्याची एकच खोड, दिव्याजवळ वाकतो. प्लाय असेल तर कापलेल्या कडा आधी सील करायच्या. पाणी तिथूनच शिरतं, आणि सुतार नेमकं तेच विसरतो. आतून पाण्यावर आधारलेल्या पॉलिशचे तीन हात, सांधे सिलिकॉनने बुजवलेले, आणि मग पेटी रिकामी, उघडी, निदान आठवडाभर. नाक खुपसून वास घ्या. वास येतोय तोवर कासव आत जायचं नाही. वाळवीवरचं औषध मारलेलं लाकूड अजिबात नको.

आतून तळ्यासाठी मिळतो तसला जाड प्लास्टिकचा कागद भिंतीवर वीतभर चढवून अंथरला तर तळ वर्षानुवर्षं टिकतो.

हवा खेळती कशी ठेवायची?

गरम हवा वर जाते, त्या वाटेचा फायदा घ्या. गार टोकाला भिंतीत खाली, मातीच्या पातळीच्या जरा वर, जाळीची एक लांब खिडकी. गरम टोकाला वर दुसरी. हवा आपोआप तिरकी वाहते. उघड्या हौदालाही गार टोकाची खालची खिडकी उपयोगी पडते, कारण कासवाच्या उंचीवर हवा साचलेलीच असते. खोलीतला पंखा चालू राहू द्या, पण झोत सरळ पेटीवर नको.

पेटी कुठे ठेवता तेही इथेच ठरतं. पश्चिमेची भिंत दुपारनंतर संध्याकाळपर्यंत तापत राहते. पेटी तिला टेकवू नका. छताखालचा माळा नको, स्वयंपाकघर नको. जमिनीपासून थोडी वर, आतल्या भिंतीलगत, उत्तर-पूर्वेच्या खोलीत सर्वांत बरी.

इतक्या उकाड्यात दिवा लावायचा की नाही?

ऋतू बघून. उन्हासाठीची जागा ३२ ते ३५ अंश, गार टोक २४ ते २८, रात्री २२-२६, हे आकडे बहुतेक उष्ण कटिबंधातल्या जातींना चालतात. एप्रिल-मेमध्ये खोलीच ३३ अंशांवर असेल तर उष्णतेचा दिवा काढून ठेवा, नुसता उजेड द्या. पावसाळ्यात मात्र तोच दिवा सोन्याचा. बाहेर २६ अंश आणि ९० टक्के दमटपणा असतो, तीच हवा दिव्याखाली ३३ अंशांवर गेली की दमटपणा साधारण ६० टक्क्यांवर येतो. कासव तिथे बसून अंग वाळवतं. म्हणजे इथे दिवा ऊब देण्याइतकाच वाळवण्यासाठी असतो.

हॅलोजन फ्लडचा दिवा, थर्मोस्टॅटवर, साखळीने टांगलेला. नुसत्या चिमट्यावर विसंबू नका, चिमटा निसटतो आणि खाली कोरडा पाला असतो. तापणारे दगड आणि खालून गरम होणाऱ्या चटया नकोत. ऊन वरून येतं हे कासवाला जन्मतः माहीत, पोट भाजतंय हे त्याला उशिरा कळतं. रात्री लाल-निळे दिवे नकोत, काळोख हवा. दिवस बारा तासांचा.

उन्हाळ्यात गार टोक २८ च्या वर जायला लागलं तर तिथे जाड, न घासलेली दगडी फरशी मातीत पुरून ठेवा आणि सकाळी तिच्यावर पाणी ओता. कोरड्या उकाड्यात ओली मातीची भांडीही गारवा देतात. समुद्राकाठच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, तिथे हा उपाय चालत नाही. तिथे पंखा, आणि फारच झालं तर जाळीवर टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची बाटली.

पेटी खिडकीजवळ आहे, ऊन येतं. मग वेगळी यूव्हीबी ट्यूब कशाला?

कारण खिडकीची साधी काच यूव्हीबी किरण जवळजवळ सगळे अडवते. ऊन दिसतं, ऊब येते, पण ज्या किरणांनी कातडीत डी३ जीवनसत्त्व तयार होतं ते बाहेरच राहतात. डी३ नाही म्हणजे खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. कवच मऊ पडतं, पिल्लं पाय ओढत चालायला लागतात. ही दुरवस्था महिनोन्‌महिने गुपचूप चालू असते.

लांब टी५ म्हणजे बारीक नळीची यूव्हीबी ट्यूब घ्या, पेटीच्या निम्म्या लांबीची तरी. जंगलातल्या जातींना ५-६ टक्के यूव्हीबीची, उघड्या माळावरच्या जातींना १०-१२ टक्क्यांची. कवचापासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर, मध्ये काच किंवा प्लास्टिक काही नाही. बारीक जाळीही बराच भाग खाते. ट्यूब उष्णतेच्या दिव्याच्याच टोकाला लावा, डी३ तयार व्हायला ऊबही लागते. साधारण वर्षाने बदला: डोळ्याला उजेड तेवढाच दिसतो, यूव्हीबी मात्र कधीच उतरलेलं असतं. बदलल्याची तारीख ट्यूबच्या टोकावर पेनने लिहून ठेवायची, नाहीतर कोणालाच आठवत नाही.

आता बाहेरच्या उन्हाबद्दल. "सकाळचं कोवळं ऊन दाखवतो" असं पुष्कळ जण सांगतात. कोवळ्या उन्हात यूव्हीबी जेमतेम असतं. तुमची सावली तुमच्याहून लांब आहे तोवर ते ऊन ऊब घेण्यापुरतं. सावली जवळपास तुमच्या उंचीएवढी झाली की पंधरा-वीस मिनिटं बाहेर न्या, निम्मी जागा सावलीत, आणि नजर त्याच्यावर. फोन आला म्हणून आत जाऊ नका.

खोलीत एसी असतो. चालेल?

उकाड्यापासून वाचवतो, पण त्याची किंमत दमटपणात मोजावी लागते. एसीच्या खोलीत २४ अंश आणि ५० टक्के दमटपणा धरा. तीच हवा दिव्याखाली ३४ अंशांवर गेली की दमटपणा साधारण २८ टक्के. खिडकीबाहेर दमट हवेने कपडे वाळत नाहीत आणि पेटीत वाळवंट. एसी असेल तर दोन गोष्टी कराच: झोत पेटीवर येणार नाही अशी जागा, आणि एक ओलं लपण. झाकणाचा डबा, एका बाजूला दार कापलेलं, आत पिळून काढलेलं शेवाळ किंवा ओला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा चुरा). रात्री एसी चालू आणि दिवसा बंद असा खेळ असेल तर पेटीसाठी दुसरी खोली बघा.

कवचावर उंचवटे येतात ते प्रथिनं जास्त झाल्यामुळे ना?

वर्षानुवर्षं तसंच सांगितलं गेलं. २००३ मध्ये सुल्काटाच्या पिल्लांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात प्रथिनांपेक्षा हवेतल्या दमटपणाचा परिणाम फार मोठा दिसला: कोरड्यात वाढलेल्यांचे उंचवटे जास्त. पिल्लं निसर्गात बराच वेळ बिळात, पाल्याखाली, ओलसर जागी काढतात. दिव्याखाली चोवीस तास कोरडं राहणं त्यांच्या वाट्याला येतच नाही. आलेले उंचवटे जात नाहीत, पुढचं कवच सपाट येऊ शकतं एवढंच.

पण ओल आणि चिखल वेगळे. सतत ओल्यात बसणाऱ्या कासवाचं पोटाचं कवच कुजतं: पांढरट किंवा लालसर डाग, दुर्गंधी, नखाने दाबलं तर मऊ. रेडफूटला ७०-८० टक्के दमटपणा हवा, तरी वरची माती कोरडी हवी.

मग खाली काय अंथरू?

कोकोपीट आणि खत-औषध न घातलेली बागेची माती, निम्मी निम्मी, वर झाडाच्या सालीचे तुकडे आणि वाळका पाला. पिल्लांना पाच-सहा सेंटिमीटर, मोठ्यांना दहा किंवा जास्त. पिल्लू आत शिरून नुसतं नाक बाहेर ठेवतं, तेवढी खोली.

पाणी घालायची एक रीत आहे ती शिकून घ्या. वरून फवारायचं नाही. चारी कोपऱ्यांत तांब्याने हळूहळू ओतायचं, म्हणजे ते तळाशी पसरतं आणि खालून वर ओल देत राहतं. मग मूठ आत घालून बघा: वरचं बोटभर कोरडं, त्याखालचं मुठीत दाबल्यावर गोळा धरणारं, पण पाणी न टपकणारं. पावसाळ्यात हे पाणी बंदच. उलट आठवड्यातून एकदा माती खालीवर करायची, नाहीतर बुरशीची पांढरी जाळी धरते.

वाळू नको, पोटात गोळा होते. देवदार-पाइनचा भुसा नको, त्याचा वासच फुफ्फुसांना त्रासदायक. वर्तमानपत्र आजारी कासवाच्या आठवड्याभरापुरतं ठीक.

मुंग्या, झुरळं, डास यांचं काय?

पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. जुना उपाय, मुंग्यांवर याहून बरा अजून सापडलेला नाही. वाट्यांतलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर मुंग्या गेल्या आणि डास आले. उरलेलं खाणं संध्याकाळी काढलं की झुरळांचं निम्मं कारण जातं. झुरळांचा फवारा, डासांची कॉइल, भिंतीत लावायचं लिक्विड त्या खोलीत वापरू नका. मच्छरदाणी लावा, पेटीला नाही जमली तर खोलीच्या खिडकीला.

पाण्याचं भांडं आणि लपण?

कुंडीखालची पसरट मातीची ताटली मातीच्या पातळीला पुरून, पाणी कासवाच्या हनुवटीपर्यंत. ते त्यात बसेल, पिईल आणि घाणही करेल, म्हणून रोज धुवायची. लपणं दोन, एक गार टोकाला आणि एक मध्यावर. अर्धी फुटलेली कुंडी आडवी पुरली की झालं, फक्त कड घासून घ्या आणि दार दर सहा महिन्यांनी मोजा: वाढलेलं कासव अडकतं.

एकटं बिचारं कंटाळेल, दुसरं आणू?

कंटाळत नाही. दोघांची जोडी हा सगळ्यात वाईट आकडा: एक दादा होतो, दुसऱ्याला पळायला जागा नसते. मारामारी दिसेलच असं नाही. एक खाण्यावर बसून राहतं, दुसरं दिवसभर लपणात, आणि आपल्याला वाटतं दोघं गुण्यागोविंदाने राहतात. नवं आणलंच तर निदान तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी.

वीज गेली तर?

उष्ण हवेत दिवा काही तास नसला तर काही बिघडत नाही. बिघडतं ते पंखा किंवा एसी बंद पडल्यावर. त्यामुळे इन्व्हर्टरवर घ्यायचा तो पंखा, दिवा नाही.

घरात लहान मुलं आहेत.

कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, ते स्वतः ठणठणीत असलं तरी. अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांची विक्री याच कारणाने थांबवली, मुलं ती तोंडात घालत. हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, भांडी स्वयंपाकघरात धुवायची नाहीत, त्यांची घासणी वेगळी.

सगळं जमलंय हे ओळखायचं कसं?

दोन डिजिटल थर्मामीटर घ्या, दमटपणाही दाखवणारे, दोन टोकांना आणि कासवाच्या पाठीच्या उंचीवर. भिंतीवर वर चिकटवलेलं गोल घड्याळासारखं यंत्र तुमच्या उंचीचं हवामान सांगतं, त्याच्या नाही. कासव आत सोडण्याआधी आठवडाभर रिकामी पेटी चालवा आणि दुपारी तीन व पहाटे पाचचे आकडे लिहा.

त्यानंतर कासवच सांगतं. सकाळी दिव्याखाली, मग खाणं, मग फिरणं, दुपारी लपणात, संध्याकाळी पुन्हा एक फेरी: ही चाल दिसली की टोकं बरोबर बसली. दिवसभर गार भिंतीला चिकटून असेल तर उकडतंय. दिव्याखालून हलतच नसेल तर बाकीची पेटी थंड आहे, किंवा ते आजारी आहे. नाकाला बुडबुडे, तोंड उघडून श्वास, मान लांब करून शिट्टीसारखा आवाज, यातलं काहीही दिसलं तर पेटीशी खेळत बसू नका, पशुवैद्य गाठा. दर रविवारी स्वयंपाकघरातल्यासारख्या, पण वेगळ्या काट्यावर वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. काट्यावर ते चालायला लागतं, म्हणून आधी वाटी उपडी ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि कासव तिच्यावर टेकवायचं, पाय अधांतरी.